उशीखालचा चाकू

नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले, पण किरकोळ म्हणावी अशी ही घटना काही मनातून जात नाही. महाराष्ट्र राज्य होण्याच्या थोडं आधीची गोष्ट. कळंबच्या बाजूला एका ठाण्यावर मी फौजदार होतो.

बाजाराच्या दिवशी कापसाच्या गाड्यांमध्ये एका दलालाच्या दंडावर कोणीतरी चाकू मारला आणि गर्दीत पसार झाला. दलालाने जबाबात सांगितलं की चाकू घडीचा होता, मूठ काळ्या शिंगाची. दुसऱ्या दिवशी सकाळीच आमचा खबऱ्या आला.

"साहेब, चाचाच्या फळीवरचा काळ्या मुठीचा चाकू दिसून नाही राह्यला."

चाचांना सगळं गाव ओळखत होतं. कुलपं, छत्र्या, कंदील दुरुस्त करायचे. विडीकाडीचंही व्यसन नाही. शौक एकच, घडीच्या चाकूंचा. उमरखेडपर्यंतचे बाजार पालथे घालून त्यांनी चाकू जमवले होते. कोणाची मूठ सांबरशिंगाची, कोणाची पितळेची. दुकानात एका फळीवर प्रत्येकाला स्वतःचा खिळा. रोज त्यातला एक बंडीच्या खिशात घालून निघायचे आणि भेटेल त्याला पेरू कापून द्यायचे. चाकू कोणी पाहायला मागितला तर हातात मात्र देत नसत, जमिनीवर ठेवायचे आणि समोरच्याने उचलायचा. हातोहात चाकू दिला की भांडण होतं, हा त्यांचा कायदा.

मी गेलो तेव्हा फळीवरचा एक खिळा खरोखरच रिकामा होता.

"कुठे आहे?"

"देल्ला एका जागी."

"कोणाला?"

"ते नाही सांगत, साहेब."

चाचांना ठाण्यावर आणलं. आमचे हवालदार मनाने चांगले, पण आवाज असा की बाहेरचे बैल बुजावेत. "अंदर जाशीन, चाचा. कायले दुसऱ्याचं पाप आंगावर घेतं?" चाचा भिंतीला टेकून शांत बसले होते. दलालाशी त्यांचं ना देणं ना घेणं. वार त्यांनी केला नाही हे मलाही दिसत होतं. पण हत्यार त्यांचं, आणि ते ज्याला दिलं त्याला ते लपवत होते, असाच त्याचा अर्थ निघत होता. आज ना उद्या मला त्यांना आरोपी करून कोर्टात उभं करावं लागणार होतं. तसं सांगितलं तर म्हणाले, "करा. पन बारसं होऊ द्या, मंग सांगतो." आणि लगेच जीभ चावली.

कोणाचं बारसं, ते पुन्हा कितीही विचारलं तरी बोलले नाहीत.

दुपारी जेवताना घरी सहज विषय काढला. वाढता वाढता आमची मंडळी हसली. "बारसं होईपर्यंत बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात, काही बाधू नये म्हणून. चाकू नाहीतर विळा. पोलिसांना एवढंही कळू नये?"

चाचांच्या दुकानामागच्या वस्तीत सोमवारी एक सून बाळंत झाली होती, हे हवालदारांना ठाऊक होतं. तिची आधीची दोन बाळं जगली नव्हती. मी साध्या कपड्यांत पत्नीला आणि हवालदारांना घेऊन तिथे गेलो. पत्नीने बाळाला झबलं नेलं होतं. बाळाची आजी आम्हाला पाहून उंबऱ्यातच खाली बसली. चाकूचं नाव काढताच तिच्या डोळ्यांना धार लागली.

"चाचाले काही करू नोका, बाप्पा. म्याच मांगला. पोरगा नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला. म्हने, माय, आता घरात जुनं काही कराचं नाही. म्याही हो म्हटलं. पन दोन लेकरं गेली ना. मन नाही मानलं. चाचा म्हने, तुया पोराले खाली पाहा नाही लागनार, मी कोनाले सांगत नाही."

तेवढ्यात मुलगा आला. गावातल्या शाळेत मास्तर होता. आपल्या घरी पोलीस कशाला आले हे त्याला आईच्या तोंडूनच कळलं. त्याचा चेहरा लाल झाला. शेजारीपाजारी दाराशी जमले होते, आणि त्यातले बरेच त्याच्याच शब्दावर जुनं सोडून आलेले होते. आई पदर तोंडाशी धरून त्याच्याकडे पाहत होती.

मास्तर बाळाच्या बाजेजवळ बसला. बाळाचं डोकं तळव्यावर तोलून धरत त्याने उशी उचलली, चाकू घेतला आणि माझ्यापुढे धरला. मी पातं ओढलं. निघेना. हवालदारांनी जोर लावला, तरी निघेना. उजेडात धरून पाहिलं तर मुठीतून आणि पात्यातून आरपार पितळी रिव्हेट ठोकलं होतं. चाचांनी चाकू देण्याआधी तो कायमचा बंद करून टाकला होता. सोमवारपासून तो या उशीखाली होता, आणि बाजार बुधवारी भरला होता.

मी पंच बोलावून पंचनामा केला. खरं तर चाकू ताब्यात घ्यायला हवा होता. मास्तर म्हणाला, "साहेब, माझा यावर विश्वास नाही. उद्याही नसेल. पण चाचा यासाठी कोठडीच्या दारात बसले. राहू द्या इथंच." सगळ्यांच्या देखत त्याने चाकू परत उशीखाली ठेवला आणि आईला म्हणाला, "माय, चाचासाठी भाकर टाक. मी आनतो त्यायले."

दारातले लोक पांगले. माझ्या पत्नीने डोळे पुसले. पुसावेसे मलाही वाटले, पण हवालदार बघत होते.

खरा हल्लेखोर पुढे नेरच्या मोटार स्टँडवर सापडला, जुन्या भांडणातला माणूस. त्याचा चाकू वेगळाच निघाला.

गप्प बसणारा माणूस स्वतःला वाचवत असतो, असं आम्ही पोलीस धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. त्या दिवसानंतर मात्र कोणी गप्प बसला की, तो कोणासाठी गप्प आहे, हे मी आधी शोधू लागलो.

चाचांना सोडताना मी विचारलं, "फळीवरचा सगळ्यात चांगला चाकू होता तो. एवढ्या हौसेने आणलेला. असा कायमचा बाद केलात?"

टोपी नीट करत म्हणाले, "लेकराच्या उशाशी धार कायले लागते, साहेब?"