बेचाळीस मीटरवरची विहीर

नव्या नियमांत एक कलम होतं. कचरा डेपोच्या हद्दीपासून पन्नास मीटरच्या आत जमिनीखालचं पाणी असेल, तर ते ठरावीक काळाने तपासावं. ही विहीर मी स्वतः टेप लावून मोजली. कंपाउंडच्या तारेपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत बेचाळीस मीटर भरले. अजून नऊ मीटर लांब असती तर माझा तिच्याशी काही संबंध आला नसता.

मी त्या वेळी कोल्हापुरात, प्रदूषणाच्या सरकारी खात्यात तपासणीच्या कामावर होतो. राहायला उचगावात. कारखान्यांचं सांडपाणी बरीच वर्षं तपासलं होतं, पण नगरपालिकांचे कचरा डेपो तपासायचं काम दोन हजार सालानंतर अंगावर आलं. त्याआधी कचऱ्याकडे कुणी कागद घेऊन बघत नव्हतं. गावाबाहेर जिथे खड्डा दिसेल तिथे ट्रॉली उलटी करायची, एवढीच पद्धत होती. मी लिहितोय तो डेपो जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेचा. गावाचं नाव देत नाही, कारण त्यातली माणसं अजून तिथेच राहतात.

डेपोवर गेलो की आधी रजिस्टर मागायचं, ही माझी सवय. तिथल्या रजिस्टरात रोज चौदा खेपा लिहिलेल्या होत्या. पाडव्याला चौदा, बेंदराला चौदा, संप होता त्या दिवशीही चौदा. वजनकाटा नव्हता. तळाला अस्तर नव्हतं. काळं पाणी निघत होतं ते ओहोळाने उताराकडे जात होतं आणि उतार विहिरीच्या बाजूला होता. हे सगळं मी रकान्यांत भरलं. रजिस्टरातल्या चौदाबद्दल नगरपालिकेच्या स्वच्छता निरीक्षकाला मी चार माणसांत खडसावलं. आकडा रोज सारखा आला की तो आकडा नसतो, असं काहीतरी त्याला ऐकवलंही. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच दिवशी मी स्वतः काय केलं ते पुढे येणार आहे.

विहिरीबद्दल आमच्याकडे तक्रार अर्ज आला होता. अर्ज त्या घरच्या सुनेचा होता, स्वतःच्या अक्षरात, एक पान. तीन वर्षांपासून पाण्याला रंग आणि वास येतो, म्हशी तोंड लावत नाहीत, रस्त्याकडच्या हातपंपावरून पाणी आणावं लागतं, तरी नगरपालिकेने घरापर्यंत नळ द्यावा. मागणी एवढीच. नियमाप्रमाणे डेपोमुळे पाणी बिघडल्याचं सिद्ध झालं असतं, तर नळ देणं नगरपालिकेला भाग होतं. सगळं नमुन्यावर अवलंबून होतं.

नमुना घेण्याची तारीख आठ दिवस आधी दोन्ही बाजूंना कळवायची असते. तशी कळवली आणि डेपोची तपासणीही त्याच दिवशी ठेवली. मे महिना होता.

त्या दिवशी घरी फक्त सासरा होता. सत्तरीच्या आसपासचा, काटक, धुतलेलं धोतर नेसलेला. सून आठवडाभरापासून माहेरी होती आणि मुलगा इचलकरंजीला सूतगिरणीत पाळीवर होता. म्हाताऱ्याने विहिरीभोवतीची जागा झाडून शेणाने सारवली होती. कठड्याचा चुना ओला होता.

"या पावणं, या," तो म्हणाला. "बघा काय बघायचं त्ये."

मी आत पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. वास नव्हता. दोरी सोडून पातळी घेतली : कठड्यापासून एकोणीस फूट. तुलनेसाठी डेपोपासून लांबची एक विहीर मी सकाळीच मोजली होती : चौतीस फूट. दोन्ही आकडे डायरीत एकाखाली एक लिहिले. मे महिन्यात एकाच शिवारातल्या दोन विहिरींत पंधरा फुटांचा फरक का, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. दुपार झाली होती, नमुन्याच्या बाटल्यांभोवतीचा बर्फ वितळत होता आणि त्या संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत पोचवायच्या होत्या.

निघताना म्हाताऱ्याने घासलेल्या तांब्यात पाणी आणलं.

"घ्या. आमच्या हिरीचं हाय. ग्वाड हाय."

तपासणीच्या जागी काही खायचं-प्यायचं नाही, हा माझा नियम होता, आणि ज्याचा नमुना घेतला ते पाणी तर नाहीच. मी हात जोडले, पिशवीतली माझी बाटली दाखवली आणि जीपमध्ये बसलो.

तीन आठवड्यांनी निकाल आला. सगळे घटक मर्यादेत. मी अहवाल लिहिला, नगरपालिकेला एक प्रत, अर्जदाराला एक प्रत, तक्रार निकाली.

त्यानंतरच्या सोमवारी ती कोल्हापूरला ऑफिसात आली. तिशीतली बाई, एका हातात अहवालाची प्रत, दुसऱ्या हातात प्लास्टिकची बाटली. बाटलीत चहासारखं पाणी.

"तुमीच का आमच्या हिरीवर आलतासा?"

"हो. बसा, ताई."

"बसाय आलो न्हाय मी." तिने बाटली माझ्या टेबलावर ठेवली. "तुमच्या कागदात पानी ग्वाड हाय म्हनं. मग घ्या, प्या की."

ऑफिसातली माणसं वळून बघू लागली. मी म्हणालो की नमुना मी स्वतः घेतला होता आणि पाणी स्वच्छ होतं.

"किती घेतलासा त्यांच्याकडनं?"

आयुष्यात कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. रागाने बोलणार होतो, पण बाटलीचं टोपण सैल होतं आणि वास टेबलभर पसरला. तो डेपोचाच वास होता. घरी गेलो की बायको मला मागच्या दाराने थेट मोरीत पाठवायची, ते ह्याच वासामुळे. मी डायरी काढली. एकोणीस आणि चौतीस एकाखाली एक होते. मग कपाटातून नदीच्या पाण्याचा महिन्याचा तक्ता काढला, तो मीच भरत असे. विहिरीच्या नमुन्याचे आकडे आणि त्या महिन्याचे नदीचे आकडे शेजारी ठेवले. क्षार, कठीणपणा, सगळं जवळजवळ तेच. मी नदीचं पाणी तपासून विहिरीचं म्हणून पास केलं होतं.

"ताई, तुमच्या विहिरीत कुणी बाहेरचं पाणी सोडलं होतं का?"

तिला आधी कळलं नाही. मग तिचा चेहरा बदलला. ती खुर्चीवर बसली.

"मामा," ती म्हणाली. म्हणजे सासरा.

त्याच आठवड्यात मी न कळवता गेलो. विहीर आता तिच्या खऱ्या पाण्यावर आली होती. वरून बघितलं तरी तळ दिसत नव्हता. म्हातारा कठड्याजवळ उभा होता. मी सरळ विचारलं, त्यानेही सरळ सांगितलं.

"कागद आला साहेब येनार म्हून. मग म्या हीर उपसली. दोन दिस इंजिन लावलं. गाळ काढला. पर खालनं येतंय त्येबी काळंच. मग शेजारच्या पाटलांच्या उसाला नदीवरनं पाइप आलीया, त्यांच्या हातापाया पडून एक रातभर त्येचं पानी आत सोडून घेतलं."

"पण कशासाठी, बाबा? तुमच्या घरचाच अर्ज होता. पाणी खराब निघालं असतं तर नळ मिळाला असता."

"त्यो अर्ज हिचा. माझा न्हाय."

पुढे तो बोलला ते मी शक्य तितकं त्याच्या शब्दांत लिहितो.

"आमी धर्म बदलला त्याच्या दुसऱ्या वर्साला ही हीर खनली. मी नि माझा बा. दोन उन्हाळं. त्याच्या आदी गावच्या हिरीवर आमाला पानी वरनं वाढायचे, लांबनं. तास तास हुबं ऱ्हायाचं, कुनी वाढंल तवा. मग आमच्या रानात पानी लागलं. बा म्हनला, आता आपल्या पान्याला कोन नाव ठेवनार न्हाय. आनि आता सरकारी कागदावर यायचं, ह्यांचं पानी घान. कसं यिऊ द्यायचं?"

मग तो म्हणाला, "आनि मी येवडं पानी आनलं तरी तुमी घेतलं न्हाईसाच."

मी त्याला माझा नियम सांगितला. कुठल्याच डेपोवर, कुठल्याच कारखान्यात मी पाणी पीत नाही. तो ऐकत होता.

"असंल," तो म्हणाला. "आमाला काय ठावं."

आमचं घर कुणबी मराठ्यांचं. वडिलांच्या गावी विहिरीवर कोण वाढायचं आणि कोण उभं राहायचं हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. तांब्या पुढे आला तेव्हा मला त्यातलं काही आठवलं नाही. मला फक्त नियम आठवला.

आता प्रश्न अहवालाचा होता. आमचे वरिष्ठ म्हणाले, "दुसरा नमुना घ्या आणि दुसरा म्हणून जोडा. पहिल्याचं कारण लिहू नका. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?" पण कारण न लिहिता दोन निकाल जोडले असते तर एक पास, एक नापास. नगरपालिकेने पास झालेला धरला असता आणि पावसाळ्यानंतर बघू म्हटलं असतं. कारण लिहायचं तर म्हाताऱ्याचा जबाब हवा होता, पंचांसमोर, नगरपालिकेच्या माणसासमोर. म्हणजे जे कागदावर येऊ नये म्हणून त्याने रात्रभर पाणी ओढलं, ते आता त्यानेच चार माणसांत बोलायचं आणि खाली सही करायची. त्याने नाही म्हटलं असतं तर सुनेचा अर्ज तिथेच संपला असता.

मी दोघांना समोर बसवून हे जसंच्या तसं सांगितलं. जबरदस्ती नाही, असंही सांगितलं.

म्हातारा उठून गोठ्याकडे जायला लागला. सून पाठमोऱ्या सासऱ्याला म्हणाली, "मामा, मी रोज अकरा घागरी वाहतो. तीन वर्सं झाली. तुमच्या हिरीचं नाव चांगलं ऱ्हावं म्हून मी अजून किती वहायच्या त्येवडं सांगा."

तो थांबला, पण वळला नाही. मी टेपची गुंडाळी करायला घेतली. आज इथून काही मिळणार नाही असं मला वाटलं.

"कवा यायचं म्हनलासा?" त्याने गोठ्याकडे बघतच विचारलं.

पंचनामा पुढच्या गुरुवारी झाला. दोन पंच शेजारचे, त्यातला एक ज्याच्या पाइपचं पाणी होतं तो शेतकरी. नगरपालिकेचा स्वच्छता निरीक्षक आला. मी चौदा खेपांवरून खडसावलेला तोच, आणि ते तो विसरला नव्हता.

"म्हणजे तक्रारदारांनीच नमुन्यात भेसळ केली म्हणायची," तो मला म्हणाला. "मोठ्या अक्षरांत लिहा की साहेब."

म्हाताऱ्याने ऐकलं. "व्हय, केली भेसळ," तो म्हणाला. "चांगल्या पान्याची केली. तुमी रोज कशाची करतासा त्ये बी लिवू द्या त्यास्नी."

पंचांपैकी एक हसला. स्वच्छता निरीक्षक खिशातून पेन काढून उगाच बघत राहिला.

मी जबाब लिहून वाचून दाखवला. त्यात पहिलं वाक्य असं होतं : "सदर विहिरीचे पाणी तीन वर्षांपासून पिण्यास अयोग्य आहे." म्हातारा म्हणाला, "त्याच्या आदी एक वळ घाला. ही हीर आमी खनली तवापास्नं पंचेचाळीस वर्सं लोक हिचं पानी प्यालं. मग फुडचं."

जबाबात अशी ओळ लागत नाही. मी कागद बाजूला ठेवून नव्या कागदावर सगळा जबाब पुन्हा लिहिला, आधी त्याची ओळ, मग माझी. त्याने मोठ्या, सुट्ट्या अक्षरांत सही केली. मग आम्ही सगळ्यांसमोर बाटल्या भरल्या. पातळी पस्तीस फूट.

त्या नमुन्याचा निकाल जो यायचा तोच आला. अहवालात मी लिहिलं की पहिल्या भेटीत पातळीतला फरक नोंदवूनही तपासणाऱ्याने चौकशी केली नाही. तपासणारा मी होतो. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला, तो मी अकरा ओळींत दिला. नगरपालिकेने भेसळीचा मुद्दा दोन बैठकांत काढला, पण जबाबावर चौघांच्या सह्या होत्या. नळाला पुढचा पावसाळा उलटून गेला. अर्ध्या इंचाची लाइन, दारापर्यंत, दिवसाआड पाणी. सून म्हणाली, दिवसाआड तर दिवसाआड.

नळ जोडला त्या दिवशी मी पाहणीसाठी गेलो होतो. नियमाप्रमाणे विहिरीवर लाल अक्षरांत सूचना रंगवायची होती. नगरपालिकेचा पेंटर डबा आणि ब्रश घेऊन रस्त्याकडच्या बाजूला बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून तिथेच लिहायची पद्धत. "पिण्यास" एवढा शब्द खडूने आखून झाला होता.

म्हातारा आला आणि त्याने धोतराच्या सोग्याने खडू पुसून टाकला.

"हिकडं न्हाय. त्या अंगाला लिवा, डेपोकडं तोंड करून."

"अहो आजोबा, तिकडं कोण वाचणार?" स्वच्छता निरीक्षक म्हणाला. "तिकडं नुसता कचरा आहे."

"तुमी येतासा की रोज," म्हातारा म्हणाला. "तुमी वाचा."

पेंटरने माझ्याकडे पाहिलं. सूचना विहिरीवर असावी एवढंच नियमात आहे, कुठल्या बाजूला असावी हे नाही. मी तसं सांगितलं. त्याने डबा उचलला आणि कठड्याला वळसा घालून तो पलीकडे जाऊन बसला.