कोऱ्या पानावरची सही

मला स्टेजवर बोलावलं ते घोंगडी द्यायला. बोलायला नाही.

नगरपालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते. आमच्या तालुक्याच्या गावात व्यापाऱ्यांनी मंगल कार्यालयात सभा ठेवली होती. नगराध्यक्षपदाला दोघे उभे होते. पालिकेच्या पैशाचं आणि पालिकेच्या शाळेचं काय करणार, ते दोघांनी लोकांसमोर सांगायचं होतं. मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले तर पांढऱ्या बुटातला एक कार्यकर्ता आला. "ओ बाई, ही खुर्ची पाव्हण्यांची हाय. तुमी मागं चटईवर बसा. सत्काराच्या टायमाला हाक मारतो."

मी उठले. लोकांना वाटतं मी पहिल्यापासून वाघीण. नव्हते. मुकाट उठले आणि चटईवर जाऊन बसले.

हाक आली. "धनगर समाजाच्या वतीनं सरांचा घोंगडी-काठी देऊन सत्कार!" सर म्हणजे दोघांतला एक उमेदवार. हायवेच्या पलीकडं त्यांची स्वतःची शाळा आहे, फी घेणारी. आमच्यात घोंगडी मानाची. ज्याला द्यावीशी वाटते त्यालाच देतात. इथं ती सरांच्याच माणसानं दुकानातून आणली होती. हातात घेतली आणि कळलं, मेंढीचा एक केस नव्हता तिच्यात. मऊ, सुळसुळीत. खरी घोंगडी चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेली असते, अंगाला टोचते. माझ्या वडलांनी चकलांब्याच्या रानात आयुष्यभर मेंढरं राखली, मला घोंगडी कळते. मेंढीच्या वाऱ्यालाही उभी न राहिलेली ती चादर मी सरांच्या खांद्यावर टाकली. फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा हसा की." हसलेसुद्धा.

मग भाषणं सुरू झाली.

पहिले बोलले दादा, म्हणजे दुसरे उमेदवार. दादांचे वाळूचे टिपर दिवसरात्र गावातून पळतात आणि रस्ते उखडतात. तेच दादा माईकवर रस्त्यांसाठी गळा काढत होते. घरपट्टी माफ म्हणाले. पाणीपट्टी माफ. एका म्हाताऱ्या दुकानदारानं विचारलं, "दादा, समदं माफ केल्यावर पैसा कुठून यायचा?" दादा म्हणाले, "वरून आणतो की!" लोक हसले, टाळ्या पडल्या. शाळेचं विचारलं तर म्हणाले, "शाळंचं बघू." आणि एका लग्नाला जायचंय म्हणून निघून गेले. गावाच्या तिजोरीबद्दल या माणसाकडं एवढंच होतं. माझी सहावीतली पोरगी याच्यापेक्षा धड उत्तर देते.

सर तयारी करून आले होते. हातात फाईल, नाकावर चष्मा. म्हणाले, "पालिका तोट्यात हाय, आणि त्या तोट्याचं एक कारण म्हणजे ही शाळा. पोरं मोजकी, खर्च भरमसाट. ही पोरं आपण माझ्या संस्थेत घेऊ. जागेवर शॉपिंग सेंटर बांधू. गाळ्यांचं भाडं पालिकेला येईल."

व्यापाऱ्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. कुणाला कोपऱ्यावरचा गाळा हवा, ते चेहऱ्यांवरच दिसत होतं.

भरमसाट खर्च! दोन वर्गांचे पत्रे गळतात. सगळ्या शाळेला एक नळ. खिचडीची भांडी पोरं घरून आणलेल्या पाण्यानं विसळतात. तिथं कुणाची पोरं येतात? पालावरची, वीटभट्टीवरची, आमच्यासारख्यांची. माझा नवरा मांजरसुंब्याच्या धाब्यावर रोट्या करतो. सरांच्या शाळेची फी आम्ही जन्मात भरू शकत नाही. ही शाळा गेली की माझी पोरगी घरी बसणार. आणि सहावीतली पोरगी घरी बसली की आमच्याकडं पुढं काय होतं, ते मला कुणी सांगायला नको. माझं सातवीत लग्न झालं.

सरांनी फाईलीतून एका पानाची झेरॉक्स काढली आणि वर धरली. "हे मी एकटा म्हणत न्हाई. शाळेच्या समितीचाच ठराव हाय, पालकांची संमती हाय. अध्यक्षीणबाईंची सही बघा. बाई इथंच बसल्यात."

सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी.

सही माझीच होती. दोन वर्षं मुख्याध्यापक रजिस्टर पुढं करायचे, पानाच्या तळाशी बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हितं बाई, हितं." पान कोरं असायचं. मजकूर नंतर लिहितो म्हणायचे. मला वाचता येतं. सातवीपर्यंत मी पहिल्या नंबरानं शिकले. पण अध्यक्ष म्हणून कुणी खुर्ची दिली, चहा दिला, एवढ्यानंच मी हुरळले होते. त्यांनी मला अध्यक्ष का केलं, ते तेव्हा कळलं. विचारणार नाही म्हणून केलं. या लोकांची मला किळस आली, आणि त्याच्याइतकीच माझी स्वतःची.

मी उभी राहिले. "सर, ह्यो ठराव म्या कवा दिला?"

सर हसले. माईक तोंडाशीच होता. "बाई, सही तुमचीच हाय ना? मेंढरं मोजायची अक्कल हाय, तेवढी ठेवा. बजेटातलं तुमाला काय कळतंय?"

अख्खं कार्यालय हसलं. पांढऱ्या बुटातला तर पोट धरून हसला.

मी चालत स्टेजवर गेले. सरांच्या खांद्यावरची घोंगडी ओढली आणि खाली टाकली. "ही आमची न्हाई. आन् ठरावबी माझा न्हाई. माझी सही कोऱ्या पानावर घेतली. माझी चूक झाली, म्या इचारलं न्हाई. पर तुमी शाळा चालवता ना, सर? पोरांच्या आईची कोऱ्या पानावर सही घेऊन दुसरी शाळा बंद करता, आन् वर अक्कल काढता?"

पांढऱ्या बुटातल्यानं मधेच माईक बंद केला. माझा आवाज मेंढरांमागं ओरडून तयार झालेला. माईकची गरज नव्हती. शेवटच्या चटईपर्यंत ऐकू गेलं. टाळ्या कुणीही वाजवल्या नाहीत. तो म्हातारा दुकानदारसुद्धा मान खाली घालून बसला.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि रजिस्टर मागितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, कावून माझ्या नोकरीवर उठता?"

"तुमाला नोकरी हाय, मला पोरगी हाय," मी म्हणाले. त्या ठरावाखाली माझ्या हातानं लिहिलं: हा ठराव समितीनं केलेला नाही. माझी सही कोऱ्या पानावर घेतली. खाली तारीख घातली. समितीतल्या चार आयांना बोलावून ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मग त्यांच्या सह्या घेतल्या. त्याची नक्कल पालिकेत दिली आणि पोच घेतली.

निवडून सरच आले. ज्यांनी मत दिलं त्यांत आमच्या शाळेतल्या पोरांचे पालावरचे आईबापही होते. एका साडीवर विकले गेले. त्यांची कीव करायला मला वेळ नाही.

शाळा बंद करायची फाईल आता सरांच्या टेबलावर आहे. लिहिलेलं मागं घ्या म्हणून निरोप येतात. कधी पोरीची फी माफ करू म्हणतात, कधी नवऱ्याला पालिकेत चिकटवू म्हणतात. मी त्या माणसांना उंबऱ्याच्या आत घेत नाही. पालिकेच्या प्रत्येक सभेला आम्ही पाच आया दाराशी जाऊन उभ्या राहतो. शाळेचा विषय निघाला की मी आत जाते. पट्टेवाला अडवतो, तरी जाते. शाळेला कुलूप घालायला ज्या दिवशी माणसं येतील, त्या दिवशी पोरं वर्गात बसलेली असतील आणि मी दारात बसेन. मी तिथून उठणार नाही.