नवस आईचा, जीव चतुराचा

मेडशीच्या पुंजाजीची लेकरं पाळण्यातच जात. चतुरा पोटात असताना त्याच्या बायकोनं, गोजराबाईनं, खंडोबापुढे पदर पसरला, "हे जगू दे देवा, तुलेच वाहीन." पोरगी जगली. आता देवाशी लग्न लावून तिनं मुरळी व्हायचं, घरसंसाराचं नाव काढायचं नाही आणि जन्मभर जत्रांतून नाचायचं, हे गावानं धरूनच ठेवलं होतं. चतुराला कोणी विचारलं नव्हतं.

तिला सोळावं लागलं. चंपाषष्ठी जवळ आली होती, कापसाची वेचणी चालू होती. महानुभाव पंथाची एक बैरागीण, कमलीबाई, भाकर मागायला शेतात आली आणि निंबाखाली टेकली. बोलता बोलता म्हणाली, "जीव बांधलेला असतो पोरी, पण सुटाले लायक असतो. दगडाचं तसं नाही."

चतुराचा हात बोंडावरच थांबला. "अन् दुसऱ्यानं बांधला असंन तं?"

"दुसऱ्याची गाठ दुसऱ्याच्या पदरात. तुह्या जिवाचं तूच सांगशीन."

चार दिवस कापूस वेचताना चतुरा तेच शब्द मनात घोळवत राहिली.

चंपाषष्ठीला चतुराचं देवाशी लग्न लावायला देवळापुढे गर्दी झाली. म्हाताऱ्या वाघ्यानं, दौलतरावानं, भंडाऱ्याची मूठ उचलली. चतुरा दोन पावलं मागं सरली. मग देवाकडे तोंड करून ती बोलली.

"देवा, आईनं तुले शब्द देल्ला, तो तिचा. मी तुले काहीच देल्लं नाही. माह्या खुशीनं रोज तुह्यं नाव घेईन. पण माह्या जन्माचं दान दुसऱ्याच्या हातानं होत नाही."

"देव कोपंन!" दौलतराव ओरडला.

"कोपला तं माह्यावर कोपंन. तुमाले कायची भीती?"

गोजराबाई मटकन खाली बसली. पुंजाजीनं मान वर केली नाही. पण लेक घराकडे निघाली, तसा तोही मुकाट्यानं तिच्यामागून चालू लागला.

महिना गेला आणि चतुरा तापानं फणफणली. गाव म्हणालं, कोपला ना देव! मधूनमधून तिची शुद्ध हरपायची. गोजराबाई नारळ घेऊन देवळाकडे धावणार, तोच पोरीनं तिचं मनगट धरलं.

"आई, आता पुन्हा नवस बोलू नोको. मेली तं मोकळी मरीन."

गोजराबाई दारातच उभी राहिली. सोळा वर्षं ती या लेकराच्या मरणाला भीत आली होती. नवसही तिनं त्या भीतीपोटीच बोलला होता. तिनं नारळ तिथंच उंबऱ्यावर फोडला, त्यातलं पाणी पोरीच्या ओठांना लावलं, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. देवाला काहीच कबूल केलं नाही. आठवड्यानं ताप उतरला.

पुढच्या उन्हाळ्यात मालेगावचा जगदेव तिला पाहायला आला. बैठकीतली माणसं आपसात ठरवत होती, त्यानं सरळ तिलाच विचारलं, "तुले पसंत हाये का?"

"हाये," चतुरा म्हणाली, इतक्या मोठ्यानं की अंगणातल्या बाया हसल्या.

पुढं मालेगावात तिचा संसार झाला. रोज सकाळी अंगण झाडताना ती खंडोबाचं नाव घेई, अगदी खड्या आवाजात. कोणी बाई पोटचं लेकरू देवाला वाहायचा नवस बोलायला निघाली की चतुराबाई तिला ओट्यावर बसवून घेई. एकदा अशीच एक गरोदर बाई रडत आली. त्या दिवशी गोजराबाई लेकीकडे पाहुणी होती. चतुराबाईच्या आधी म्हातारीच बोलली, "देवाले काही द्यायचं असंन तं तुह्यं दे माय. लेकराचा जीव लेकराचाच राहू दे."