पंधरा मार्चची दिवेलागण

लातूरला क्लासच्या मुलींसाठी मी मेस चालवते. पहिल्या वर्षी कर भरला तो थेट जुलैत, रिटर्नसोबत, आणि वर व्याज लागलं. आमचे हे शिक्षक. त्यांच्या पगारातून कर कापला जातो, म्हणजे सगळ्या घराचा भरला, असंच आम्ही धरून चाललो होतो. मेस माझ्या नावावर. तिचा कर कोण कापणार?

नांदेडची मावसबहीण कर सल्लागार आहे. ती म्हणाली, "आक्का, तुझ्यासारख्या, वह्या न ठेवता विक्रीवर ठोक नफा धरणाऱ्या धंद्याला आगाऊ कराचा एकच हप्ता. पंधरा मार्च. तेवढा गाठ, व्याज न्हाई."

यंदा गाठायचाच होता. पण त्या दिवशी सकाळपासून कर भरायची साइट अडकलेली. संध्याकाळी पोळ्या आटोपून फोन उघडला, तर पान चक्क उघडलं! दुसऱ्या फोनवर मावसबहिणीला घेतलं आणि भरायला बसले.

तेवढ्यात सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "आता पैसे धाडू नको. दिवेलागणीला लक्ष्मी घराबाहेर काढत्यात व्हय?"

त्यांना मी आत्या म्हणते. "आत्या, आज न्हाई गेले तर व्याजासकट जातील."

"व्याज? ते कशापायी?" त्यांचा आवाज चढला. मग म्हणाल्या, "मी दिवा लावतच न्हाई. दिवा लागला न्हाई तवर दिवसच हाय. भर लवकर!"

काडेपेटी हातात धरून त्या देव्हाऱ्यापुढं उभ्या राहिल्या. लाईटचं बटणही कुणाला दाबू देईनात. घरात अंधार दाटत चालला.

"आक्का, आकारणी वर्ष कोणतं टाकलंस? मागचं न्हाई, पुढचं घे!" मावसबहीण ओरडली. मी बदललं. ओटीपी यांच्या मोबाइलवर गेला. हे ओसरीवरून आकडे ओरडू लागले, तेही शाळेत पाढे म्हणवून घेतात तसे, सावकाश.

"जरा भराभरा सांगा की!"

मुली जेवायला आल्या. दारात चपला काढता काढता एकीनं विचारलं, "काकू, लाईट गेली का?"

"गप बसा गं!" आत्या कडाडल्या. "सरकारी काम चालू हाय."

स्क्रीनवरचं चक्र फिरत होतं. आणि हिरवी खूण आली!

"गेले!" मी ओरडले. मुलींनी कशासाठी ते न कळताच टाळ्या पिटल्या.

आत्यांनी काडी ओढली, दिवा लावला आणि हात जोडायच्या आधी माझ्याकडं वळल्या. "पावती दिली का त्यांनी?"