घरच्या बँडचं गाणं

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमच्या समोरच एका घरचा बँड होता. नवरा क्लॅरिनेट वाजवायचा, भाऊ ढोल बडवायचे आणि बायको माइकवर गायची. क्लॅरिनेटवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही बायका ओट्यावर विड्या वळायचो, तो त्याच्या दारात बसून एकच संथ चाल घोळवायचा. वरातीत सिनेमाचं नाही, घरचं गाणं वाजवायचं, हा त्याचा हट्ट होता.

वाजवताना तो आमच्या हातांकडे बघायचा.

"हात काय बघतोस रं?" मी खेकसले.

"तोंड काय बी बोलतंय, आक्का. हात थांबला, की समजायचं गाणं जमलं."

"आमी थांबलो तर खायचं काय, तुझं गाणं?"

सगळ्या हसल्या. तो परत चाल बदलायला बसला.

एका दुपारी त्याची बायको गायली आणि आमचे हात थांबले, सुपातली पानं तशीच राहिली. तो दारातच नाचला.

पहिल्या वरातीत पोरं ओरडली, "शिनेमातलं लावा की!" त्यानं ऐकलं नाही. गाणं संपलं तेव्हा नवरीच म्हणाली, "परत म्हणा की!"

आता तो नाही. परवा माझ्या नातीच्या वरातीत भलत्याच बँडनं तेच गाणं धरलं.

"कुणाचं हे?" मी विचारलं.

"आमच्या आज्ज्यानं बांधलंय, आजी," बँडवाला छाती काढून म्हणाला.

गाणं तर आमच्या समोरच्याचं; या बँडवाल्याला खोटारडा म्हणणारच होते. पण नातीनं माझा हात ओढला. भांडण राहिलं आणि मी डोलायला गेले.