आक्कांची कात्री आणि सासूबाईंचा अडकित्ता

लोखंडावर माझ्या थोरल्या नणंदेइतका जीव लावणारी बाई अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडायची नाही, आणि हे मी जिल्हा नवाकोरा होता तेव्हापासून सांगत आले आहे. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. निलंग्यात आमच्याच घरी त्या शिलाई करायच्या. एकदा लाउडस्पीकरवाल्याकडून त्यांनी फुटक्या भोंग्यातला चुंबक मागून आणला आणि आपली कात्री त्यावर घासत बसल्या, एकाच दिशेनं. नंतर चुंबक लांब ठेवला तरी कात्री सांडलेल्या टाचण्या उचलायची. "चुंबक गेला, पर हिनं याद धरली बघ!" म्हणत आक्का ती सगळ्या गल्लीला दाखवून आल्या. मग काय, घरात जे जे पोलादाचं ते ते घासलं. सासूबाईंचा अडकित्तासुद्धा सुटला नाही. "सुपारी खाऊ का टाचण्या?" त्या ओरडायच्या. कात्री आपटायची मात्र कुणाची टाप नव्हती. ठोकलं की लोखंड विसरतं म्हणे. मी लेकरावर हात उगारला तरी आक्का मधे पडायच्या, "ठोकू नगं गं, शिकल्यालं सांडतंय!"

लातूर नवा जिल्हा झाला त्याच सुमारास दुष्काळ पडला, त्यात कपडे कोण शिवतंय? मशीन नुसतं पडून होतं. तेवढ्यात लातूरच्या नव्या कचेरीच्या पडद्यांचं काम आलं. आक्कांची नजर तोवर पार अधू झाली होती. हे फक्त मलाच ठाऊक, असं मी समजत होते. पडद्यात राहिलेली टाचणी एखाद्या साहेबाला टोचली असती तर बिंग फुटलं असतं, आणि कामही गेलं असतं. म्हणून शिवलेल्या प्रत्येक पडद्यावरून त्या कात्री फिरवायच्या.

पडदे न्यायच्या दिवशी आमच्या ह्यांना मदतीचा उमाळा आला. कात्रीचा ढिला खिळा त्यांनी दगडावर ठेवून हातोडीनं चांगला ठोकून दिला. झालं! कात्री टाचणीला ओळखच देईना. "बापू, याद घालवलीस रे तिची," म्हणत आक्का कात्री पुन्हा पुन्हा टाचण्यांवरून फिरवत राहिल्या. चुंबक तर उद्घाटनांच्या धामधुमीत लाउडस्पीकरवाल्यानं कधीच परत नेला होता. मला रडू फुटलं. तेवढ्यात सासूबाईंनी चंचीतून अडकित्ता काढून लेकीच्या हातात दिला. "डोळ्यानं दिसंना तर ह्यानं बघ," एवढंच म्हणाल्या. म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं! शेवटच्या पडद्याच्या दुमडीत टिक्क झालं आणि टाचणी अडकित्त्याला चिकटून वर आली. दोघी मायलेकी पोरींसारख्या हसत सुटल्या.

सासूबाई गेल्या, घरात आता सुपारी कुणी खात नाही. आक्कांना दिसत नाही, आणि अलीकडे माझं नावही आठवत नाही. फार जीव तुटतो. मग मी त्यांच्या उशाशी बसते, पांघरुणावर मुद्दाम एक टाचणी टाकते आणि अडकित्ता फिरवते. टिक्क वाजलं की आक्का मान वळवतात.

"हाय का गं याद?"

"हाय की, आक्का."