नात्याचा रकाना

श्रावणातला दुसरा रविवार. हजर: स्वातंत्र्यसैनिक वारस संघटनेच्या बंद पडलेल्या तालुका शाखेतले आम्ही अकरा वारस, आणि खुद्द स्वातंत्र्यसैनिक तात्या, वय सत्त्याण्णव.

शाखा पुन्हा सुरू करायची म्हणून मी, जुन्या शाखेची चिटणीस, सभासदत्वाचे अर्ज वाटले. तात्यांचं पेन एका रकान्यापाशी थांबलं. "बाई, ‘सैनिकाशी नातं’ इथं मी काय लिहू?"

जुने अध्यक्ष म्हणाले, "तात्या, शाखा वारसांची. तुम्ही स्वतःच सैनिक, नियमात कसे बसणार?"

सगळे हसले, मीही. मग पदांवरून दीड तास भांडण झालं. आजोबांचा तुरुंगवास जो तो स्वतः भोगल्यासारखा सांगत होता. भोगलेला माणूस भिंतीशी अर्धा भरलेला अर्ज धरून बसला होता.

इतिवृत्तावर सह्या झाल्या. तात्यांचा अर्ज तेवढा माझ्या फायलीत पडून आहे. रकान्यात काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.